अनाथोथचं खरेदीखत

रिठद, ता. रिसोड, जि. वाशीम

चि. भाचीस,


तुझं पत्र मिळालं. नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं, उपवास-प्रार्थना केली, तरी सरकारी भरतीच्या यादीत नाव आलं नाही. आता तू विचारतेस, देवाची अभिवचनं खरी असतील तर ती माझ्यापर्यंत का पोचत नाहीत? त्यात एका सभेत तुला सांगितलं गेलं, की महिन्याचा पगार ‘विश्वासाचं बी’ म्हणून टाक, वर्षाच्या आत नेमणूक होईल. आधाराला यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातलं अकरावं वचन दाखवलं.

तर मग यिर्मयाचंच पुस्तक उघड आणि फक्त ते एक वचन नाही, आजूबाजूचे अध्यायही वाच.

29 वा अध्याय हे मुळात पत्र आहे. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते यरुशलेमेतून पाठवलं. अकराव्या वचनात आशेचं अभिवचन आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या वचनात मुदत आहे: सत्तर वर्षं. त्याच्याही आधी कामं सांगितली आहेत. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या परक्या नगरात राहता त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. 28 व्या अध्यायात हनन्या नावाचा माणूस दिसेल. दोन वर्षांत सगळं परत मिळेल, असं तो देवाचं नाव घेऊन सांगत होता. लोकांना तेच ऐकायला हवं होतं, पण देवाने त्याला पाठवलंच नव्हतं. तुझ्या नेमणुकीची मुदत देवाच्या नावाने सांगून जो पैसे मागतो, त्याला तू एक रुपयाही देऊ नकोस. मंडळीत दान अवश्य दे, पण ते मिळालेल्या कृपेबद्दल दे. देवाकडून काही विकत घेता येत नाही.

आता 32 वा अध्याय. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष. बाबेलच्या फौजेने यरुशलेमेला वेढा घातलेला, आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. शत्रू दाराशी असताना जमीन कोण घेईल? आपल्या रिठदच्या पारावर असा सौदा निघाला, तर घेणाऱ्याला सगळे वेड्यात काढतील. पण देवाने आधीच सांगितलं होतं, म्हणून यिर्मयाने सतरा शेकेल रुपं तोलून दिलं. खरेदीखत झालं, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून आपला लेखनिक बारूख याच्या हातून मातीच्या भांड्यात ठेवल्या. या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे देवाचं अभिवचन होतं. यिर्मयाने ते नुसतं खरं मानलं नाही, त्यावर आपली चांदी मोजली.

विश्वास आणि स्वाधीन होणं यांचं नातं मला या अध्यायाने शिकवलं. ‘देवा, तू देशील’ म्हणणं हा अर्धा विश्वास. ‘तू दे किंवा थांबव, मी तुझाच, आणि तू सांगितलेलं काम आज करतो’ हा पूर्ण विश्वास. 37 व्या स्तोत्रात दावीद आपला जीवनक्रम परमेश्वरावर सोपवायला सांगतो, ते हेच.

अजून एक गोष्ट लक्षात घे. सही केल्यावर यिर्मयाने प्रार्थना केली आणि त्या प्रार्थनेत आपलं कोडं देवासमोर मांडलं: नगर तर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? देव त्याच्यावर रागावला नाही, त्याने उत्तर दिलं. म्हणून तुझ्या प्रश्नाने तू अविश्वासी ठरत नाहीस. प्रश्न विचार, पण आज्ञा पाळत पाळत विचार.

त्या शेताचं पीक यिर्मयाने खाल्लं नाही. लोकांनी त्याला पुढे मिसर देशात ओढून नेलं. पण एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची मोजदाद आहे, तीत अनाथोथची माणसं आहेत: 128. अभिवचन पुरं झालं. ते एका माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठं होतं, एवढंच.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंकडे बघ. 1874 पासूनच्या दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं, तेव्हा अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती. ती मुदत सरत असतानाच, 1897 मध्ये, मध्य प्रांतातल्या दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. हिशेब पाहिला असता तर दार बंद करावं लागलं असतं. पुढे 1899-1900 च्या दुष्काळात आपला वऱ्हाडही होरपळला, आणि केडगावच्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंची सगळी भिस्त प्रार्थनेवर होती. पण त्याच प्रार्थनेने तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना उभारला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये.

तू परिचारिका आहेस, म्हणून हेही सांगतो. औषध सोडून देणं म्हणजे विश्वास, असं कोणी शिकवलं तर ऐकू नकोस. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरीन मंडळीच्या लोकांनी उभं केलं, डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी तिथे आयुष्य वेचलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली चालल्या. अभिवचन पुढे करून देवाची परीक्षा पाहणं हा विश्वास नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक म्हणताना सैतानाने शास्त्रातलंच अभिवचन पुढे केलं होतं, आणि प्रभूने उडी टाकली नाही. मीही सोयाबीन पेरताना प्रार्थना करतो आणि पीक विमाही भरतो. त्याने विश्वास उणा होत नाही.

आता मनाला लागेल, पण खरं ते लिहितो. सरकारी नेमणुकीचं अभिवचन पवित्र शास्त्रात कुठेही नाही. जे आहे ते असं: ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला पापांची क्षमा, पवित्र आत्म्याचं साहाय्य, अंतापर्यंत प्रभूची सोबत आणि सार्वकालिक जीवन. पौल करिंथकरांना लिहितो, की देवाची अभिवचनं कितीही असोत, त्यांचा होकार ख्रिस्तामध्ये आहे. ज्याने आपला पुत्र राखून ठेवला नाही, तो तुझ्या भाकरीची काळजी करणार नाही का? नोकरी माग, रडून माग. गेथशेमाने बागेत प्रभूनेही आपली इच्छा पित्याला स्पष्ट सांगितली, आणि मग ती पित्याच्या इच्छेखाली ठेवली. तू एवढंच कर.

इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात क्रम दिला आहे: आधी देवाची इच्छा पाळणं, त्यात टिकून राहणं, मग अभिवचनाची प्राप्ती. म्हणून आज ज्या दवाखान्यात आहेस, तिथल्या रोग्याची सेवा परकी वाटू देऊ नकोस. रविवारची उपासना चुकवू नकोस. आपल्या पाळकांशी मोकळेपणाने बोल. ज्या मैत्रिणीचं नाव यादीत आलं, तिचं मनापासून अभिनंदन कर. पुढच्या भरतीचा अर्ज निघाला की वेळेत भर, अभ्यास कर आणि निकाल देवाच्या हाती सोपव. नेमणूक मिळाली तरी तू त्याची, नाही मिळाली तरी त्याचीच. ज्याने अभिवचन दिलं तो विश्वासू आहे.

तुझा,
मामा