हरवलेली वस्तु आणि तिचा धनी

आमच्या वाशीमास समुद्र नाहीं. परंतु तारकर्लीस लोक पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरतात. त्यांचें एखादें हरवलेलें साधन आपणांस सांपडलें, तर तें कोणाचें? अनुवाद 22 मध्यें बैल, गाढव, वस्त्र, सर्वांस एकच नियम आहे: धनी ठाऊक नसल्यास तो शोधीत येईपर्यंत वस्तु संभाळावी, मग परत द्यावी. (2023 च्या भारतीय न्याय संहितेचें 314 वें कलमही धन्याचा शोध न करितां वस्तु बळकावणारास दोषी धरितें.) 2 राजे 6 मध्यें कुऱ्हाडीचें लोखंड यार्देनेंत पडलें, तेव्हां तो मनुष्य हळहळला, कारण तें उसनें होतें. आम्हीं मात्र एकदां वाटेंत सांपडलेला विळा दोन दिवस घरीं ठेविला. विचारावयास गेलों नाहीं. तिसऱ्या दिवशीं शेजारीण उसना विळा मागावयास आमच्याच दारीं आली.