गौण वाक्याचे नैतिक वजन

इंग्रजी व्याकरणातील 'सबॉर्डिनेटिंग कंजंक्शन्स' मराठी शालेय व्याकरणात 'गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यये' होऊन आली. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आणि नंतरही इंग्रजी चौकट व मराठीचा स्वभाव यांची ओढाताण चालूच राहिली. अरविंद मंगरूळकर व कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी तिची चर्चा केलेली आहे. येथे प्रश्न वेगळा आहे. एका वाक्यास 'प्रधान' व दुसऱ्यास 'गौण' ठरविणारे अव्यय केवळ रचनेचा निर्णय देते, की घडल्या गोष्टीची जबाबदारीही वाटून देते?

उदाहरण गोंदिया जिल्ह्यातलेच घेऊ. हा धानाचा मुलूख मालगुजारी तलावांवर पोसला गेला. १९५० च्या मध्य प्रदेशातील मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्यानंतर तलाव शासनाकडे आले आणि पुढे अनेकांत गाळ साचला. एवढ्या दोन गोष्टी जोडायच्या आहेत. 'मालगुजारी गेली आणि तलाव गाळाने भरले' असे म्हणणारा साक्षीदार आहे. तो न्याय करीत नाही. 'मालगुजारी गेल्यावर' म्हणणारा केवळ काळ सांगतो, पण ऐकणाऱ्याने त्यातून कारण काढावे अशी त्याची छुपी अपेक्षा असू शकते. 'मालगुजारी गेली तरी तलाव गाळातच राहिले' या वाक्यात मात्र वक्त्याची एक आशा उघडी पडते: मालक गेल्यावर तलावाचे भले व्हायला हवे होते. वस्तुस्थिती तीच, इतिहासाचे निवाडे तीन.

'मालगुजारी गेली म्हणून तलाव भरले' हे वाक्य सर्वांत विचार करण्याजोगे. 'म्हणून' हे 'म्हणणे' या धातूचे रूप आहे. संस्कृतातील 'इति', कन्नडातील 'एंदु', तेलुगूतील 'अनि' यांच्याप्रमाणे ते आधीचे वाक्य कोणाचे तरी म्हणणे म्हणून पुढे ठेवते. 'आजारी आहे म्हणून आला नाही' यात कारणाबरोबर कारण सांगणाऱ्याची सावलीही असते. इंग्रजी 'बिकॉज' या शब्दात 'कॉज' हे नामच दडलेले आहे. आपले 'कारण'ही तसेच. तेथे कारण वस्तूसारखे जगात पडलेले असते. 'म्हणून'मध्ये ते कोणीतरी पुढे केलेले असते, आणि पुढे केलेल्या गोष्टीचा जाब विचारता येतो. आपल्या व्याकरणांनी 'म्हणून'ला परिणामबोधक म्हणून प्रधानत्वसूचकांत आणि उद्देशबोधक म्हणून गौणत्वसूचकांत, अशी दोन्हीकडे जागा दिली आहे. ही वर्गीकरणाची ढिलाई आहे असे मला वाटत नाही. शब्दच दुहेरी आहे.

संकेताचेही असेच. इंग्रजीत 'इफ' अटीच्या वाक्यावर बसतो, 'देन' सहज गळतो. मराठीत 'जर' गळतो आणि 'तर' राहतो: 'पाऊस आला तर रोवणी होईल.' (उच्चारात हा 'तर' मागच्या वाक्यालाच चिकटतो, हे मान्य केले पाहिजे.) परिणामी आपली अट बोलता बोलता उमगते. आरंभी ती साधे विधान वाटते. 'तर' आल्यावर कळते की काहीच घडलेले नाही. वचने आणि आश्वासने ऐकताना हा विलंब किती महागात पडतो, हे निवडणुकीच्या सभा ऐकलेल्यांना सांगायला नको.

आता शासकीय पत्रांतील 'निधी उपलब्ध न झाल्यामुळे काम होऊ शकले नाही' हे वाक्य पाहा. येथे अव्ययच नाही. 'मुळे'ने आधीच्या वाक्याचे क्रियापद मोडून त्याचे कृदन्त केले. काळ गेला, पुरुष गेला. 'निधी दिला नाही म्हणून काम झाले नाही' असे लिहिले असते, तर न देणारा कोण हा प्रश्न लगेच उभा राहिला असता. विद्यार्थ्यांना वाक्यपृथक्करणासाठी हे पत्रातले वाक्य दिले, तर ते त्यास केवल वाक्य ठरवतील, आणि त्यांचे उत्तर बरोबर असेल. त्यात गौण वाक्य उरलेलेच नाही.