पाठमोरं दालेत

हिब्रूत बापाला 'अव' म्हणतात. अक्षरं दोनच, आलेफ आणि बेत. आलेफ म्हणजे मुळात बैल, बेत म्हणजे घर. तेव्हा बाप म्हणजे घरातला बैल, घराचं बळ! अशी फोड कुणी करून सांगितली की आपली मान आपोआप डोलते. 'गु' म्हणजे अंधार, 'रु' म्हणजे तो घालवणारा, हे ऐकून गुरुपौर्णिमेला डोलते तशीच.

पण बापाला हाक मारायला माणूस लिपीसाठी थांबला नव्हता. हिब्रूची भावकी असलेल्या अक्कडी भाषेतही बाप 'अबू'च, आणि ती लिहायची कीलाक्षरांत. तिथे ना आलेफ, ना बेत. शब्द कुठून आला हे अक्षरं फोडून कळत नाही. तो नाद सोडलेला बरा.

शब्दाकडे लोकांनी कसं पाहिलं, ते मात्र कळतं. सत्याला हिब्रूत 'एमेत' म्हणतात. त्यातलं एक अक्षर वर्णमालेच्या आरंभीचं, एक मधलं, एक शेवटचं. खोटं म्हणजे 'शेकेर'. त्याची तिन्ही अक्षरं वर्णमालेत एकमेकांना खेटून. खोटं पावलोपावली भेटतं, सत्यासाठी लांब चालावं लागतं, असा अर्थ ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात लावला आहे.

तालमूदच्या त्याच पानावर मला याहून आवडलेली गोष्ट आहे. पाठशाळेत आलेली मुलं अक्षरांचे अर्थ सांगू लागतात. गिमेल आणि दालेत ही तिसरी-चौथी अक्षरं. मुलं त्यांचं 'गमोल दालिम' करतात, म्हणजे गरिबांना दे. मग अक्षरांची ठेवणच वाचायला घेतात. गिमेलचा पाय दालेतकडे का पुढे आलाय? देणाऱ्यानं गरजवंताला शोधत जायचं असतं म्हणून. दालेतचा पाय गिमेलच्या बाजूला का? गरजवंतानंही सापडेल असं असावं म्हणून. मग दालेतचं तोंड पलीकडे का? देणाऱ्यानं गुपचूप द्यावं, घेणाऱ्याला लाजेनं मान खाली घालावी लागू नये म्हणून.

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. कागदावर आधी गिमेल काढा, मग त्याच्या डावीकडे दालेत. ते खरोखरच पाठमोरं उभं असतं.