समजणे आणि समजून घेणे

‘समजणे’ आणि ‘समजून घेणे’ यांतील अंतर वरवर पाहता अल्प वाटते. परंतु आकलनाच्या तत्त्वज्ञानातील एक मूलभूत पेच या अंतरातच दडलेला आहे. ग्रहण कसे लागते हे समजते. चुकलेल्या मुलाला मात्र समजून घ्यावे लागते. दुसऱ्या प्रयोगात आकलनाबरोबर क्षमेची छटा नकळत मिसळते. ही छटा आकलनाचाच अनिवार्य भाग आहे काय?

विल्हेल्म डिल्टाय यांनी १८९४ मध्ये निसर्गाचे स्पष्टीकरण आणि मानसिक जीवनाचे आकलन असा भेद केला. कार्ल हेम्पेल यांना तो मान्य नव्हता. सामान्य नियम आणि पूर्वस्थिती यांपासून घटना तर्कतः निष्पन्न झाली की तिचे स्पष्टीकरण झाले, आणि इतिहासही याला अपवाद नाही, असे त्यांनी १९४२ मध्ये प्रतिपादले. या मताची उणीव ध्वजस्तंभाच्या प्रसिद्ध उदाहरणातून दिसते. सावलीची लांबी आणि सूर्याचा कोन यांवरून स्तंभाची उंची गणिताने काढता येते; पण स्तंभ एवढा उंच का, हे सावली सांगत नाही. ते सांगायचे तर तो उभारणाऱ्याच्या हेतूकडेच वळावे लागते.

हेतूकडे वळणे म्हणजे कर्त्याच्या जागी स्वतःला ठेवणे. धोका आहे तो येथेच. आउश्वित्झमधून वाचलेले प्रीमो लेवी यांनी १९७६ मध्ये नेमकी हीच भीती व्यक्त केली : समजून घेणे हे जवळजवळ समर्थन करणेच होय, म्हणून नाझींचा द्वेष समजून घेऊ नये, मात्र तो जाणून घेणे आवश्यक आहे. उलट, आकलन म्हणजे क्षमा नव्हे, असे हाना आरेन्ट यांनी १९५३ मध्ये लिहिले होते. १९६३ च्या ग्रंथात त्यांनी आइशमनची विचारशून्यता उलगडून दाखवली, तरी त्याला झालेली मृत्युदंडाची शिक्षा न्याय्यच मानली.

या वादात साहित्याची साक्ष मोलाची ठरते. दोस्तोयेव्हस्की यांच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीत वाचक रस्कोल्निकोवच्या मनात वावरतो. सावकार म्हातारीच्या हत्येमागचा त्याचा सिद्धांतही त्याला कळतो. परंतु अकस्मात तेथे आलेल्या लिझावेताच्या हत्येला त्या सिद्धांतात स्थान नाही. खुन्याच्या मनात शिरलेला वाचक मृताकडे पाठ फिरवू शकत नाही. आणि म्हणूनच त्याच्या आकलनाचे समर्थन होत नाही.

केवळ परिस्थितीवरून कृती निष्पन्न करणारे स्पष्टीकरण कर्त्यालाच पुसून टाकते. मग दोष आणि क्षमा दोन्ही निरर्थक होतात. हेतूचे आकलन मात्र त्याला कर्ता म्हणून शिल्लक ठेवते. जो कर्ता आहे, त्यालाच जाब विचारता येतो. क्षमा करावयाची की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न आहे, आणि तो सोडविण्याचा पहिला अधिकार समजून घेणाऱ्याचा नसून ज्याने सोसले त्याचा आहे.