खेळ शिकविणाऱ्याचा धर्म

विद्यादानाचे माहात्म्य आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. परंतु विद्येच्या त्या मोठ्या यादीत खेळाचा समावेश सहसा कोणी करीत नाही. मुलास पाढे शिकविताना आपण जितके गंभीर असतो, तितके सारीपाट किंवा बुद्धिबळ शिकविताना नसतो. खेळ तो खेळच, त्यात शिकविण्यासारखे काय आहे, असे म्हणून आपण पट अंथरतो व "खेळता खेळता येईल" असे सांगून मोकळे होतो. वस्तुतः घरातल्या माणसास किंवा मित्रास पटावरचा खेळ शिकविणे हे एक नाजूक नैतिक कर्म आहे, असे आम्हांस वाटते. याचे कारण असे की, येथे शिकविणारा आणि शिकणारा पुढच्याच क्षणी एकमेकांचे प्रतिस्पर्धी होणार असतात. पाढे शिकविणारे गुरुजी शिष्याशी पैज लावीत नाहीत. खेळ शिकविणारा मात्र एका हाताने विद्या देतो आणि दुसऱ्या हाताने शिष्याची सोंगटी मारतो. अशा वेळी त्याने प्रामाणिक कसे राहावे आणि प्रेमळही कसे राहावे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो. आमचे शिक्षण हायस्कुलापर्यंतचेच. तेव्हा शास्त्रार्थ करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु पुराणकथा कानांवरून गेल्या आहेत आणि या प्रश्नावर महाभारताने जो प्रकाश टाकला आहे, तो पुष्कळांच्या ध्यानी येत नाही, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

द्यूताची कथा म्हटली की आपणांस सभापर्व आठवते. युधिष्ठिरास फाशांची आवड होती, पण त्यातले ज्ञान नव्हते. शकुनीने हेच हेरले होते. दुर्योधनाच्या वतीने शकुनी फासे टाकणार हे ऐकताच एकाने लावावे व दुसऱ्याने खेळावे हे विषम आहे, असे युधिष्ठिराने म्हटलेही. तरी तो खेळावयास बसला. पुढचा अनर्थ सर्वविदित आहे. परंतु महाभारत येथेच थांबत नाही. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिरास नलदमयंतीची कथा सांगतात. द्यूतात राज्य गमावलेला नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या माहेरी, म्हणजे आपल्या विदर्भात, रथ धावत असता वाटेत बेहड्याचा वृक्ष लागतो. त्याची पाने व फळे ऋतुपर्ण न मोजता सांगतो आणि नलास अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवितो. मोबदल्यात नल त्यास अश्वहृदय देण्याचे कबूल करतो. ती विद्या प्राप्त होताच नलाच्या देहात शिरलेला कली बाहेर पडतो. आणि कथा संपल्यावर बृहदश्व स्वतः युधिष्ठिरास तीच विद्या देतात, जेणेकरून पुन्हा कोणी द्यूतास बोलाविले तर भय राहू नये.

हे प्राचीन फासे बेहड्याच्या फळांचेच असत. तो वृक्ष आपल्या बालाघाटच्या रानांतही उभा आहे. त्याच्याखालून जाताना ही कथा अवश्य आठवावी. ऋषींनी "खेळूच नको" एवढाच उपदेश केला असता तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु त्यांनी खेळाचे मर्म दिले. अज्ञानी खेळाडू हा कपटी माणसाचे भक्ष्य असतो, आणि त्यास ज्ञानी करणे हेच त्याचे रक्षण, असा याचा अर्थ आम्ही घेतो. शकुनी आणि ऋतुपर्ण, दोघेही फाशांत निपुण. एकाने दुसऱ्याच्या अज्ञानावर राज्य मिळविले, दुसऱ्याने ते अज्ञानच दूर केले. आपल्या ओसरीवर पट मांडणारा प्रत्येक जण या दोहोंपैकी कोणाच्या तरी पंक्तीस बसतो.

हे बोलणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. घरच्या खेळात राज्य का पणास लागते? तरी थोडे निरीक्षण करावे. नवख्यास खेळ सांगताना आपण नियम सांगतो, पण सगळे सांगतो काय? पुष्कळदा एखादा नियम मागे राहतो आणि तो आपल्या फायद्याच्या वेळी बाहेर येतो. "अरे, हे घर सुरक्षित असते, येथे सोंगटी मरत नाही!" शिकणाऱ्याने हात पुढे केल्यावर हे सांगण्यात असत्य भाषण नसेल, परंतु सत्यही नाही. नियम हा खेळणाऱ्यांमधील करार होय. करारातले कलम एकासच ठाऊक असेल, तर तो करार कसला? म्हणून पहिला धर्म हा की, ज्या नियमाने समोरच्याचे नुकसान होऊ शकते तो नियम डाव मांडण्यापूर्वी सांगावा. आणि सांगावयाचा राहून गेला असेल, तर त्या डावापुरता त्याचा लाभ घेऊ नये.

आपल्या भागात ही दक्षता अधिकच हवी. बालाघाटच्या मराठी घरांतून सुना येतात त्या गोंदियाहून, भंडाऱ्याहून, नागपुराहून, आणि प्रत्येकीबरोबर माहेरचा नियम येतो. पाच गुणिले पाच घरांचा तो पट आणि चार कवड्या घ्या. कुठे त्यास चल्लस-आठ म्हणतात, कुठे अष्टा-चंगा. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, पालथ्या पडल्या तर आठ, हे बहुतेक ठिकाणी समान. परंतु प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारल्यावाचून आतल्या घरांत जाता येते की नाही, यावरून वाद होतात. अशा वेळी "आमच्याकडे असेच असते" हे वाक्य नव्या सुनेस केवळ खेळातच गप्प बसवीत नाही. खरे पाहता दोन्ही नियम खरेच असतात. आपल्याकडील जुन्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर जाई, आणि शेवटच्या रांगेत पोहोचल्यावर बहुधा त्या घरच्या मोहऱ्याचे रूप घेई; युरोपीय खेळात तसे नव्हते. पंजाबचे मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढले, परके नियम नव्याने शिकले, आणि 1929, 1932 व 1933 या वर्षी ब्रिटनचे विजेते झाले. नियम भिन्न असणे ही अडचण नव्हे. कोणत्या नियमाने खेळावयाचे हे आधी न ठरविणे ही अडचण होय.

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळू. मुलाशी खेळताना मुद्दाम हरावे काय?

आमच्या ओळखीच्या एका घरी आजोबा आठ वर्षांच्या नातवाशी रोज बुद्धिबळ खेळत आणि रोज हरत. नातू सगळ्या आळीस आपला पराक्रम सांगे. एके दिवशी शेजारच्या मुलाने त्यास पंधरा चालींत मात दिली. मुलगा घरी येऊन रडला नाही, त्याने आजोबांस एवढेच विचारले, "तुम्ही खरेच हरत होता का?" आजोबा हसले. त्यानंतर पुष्कळ दिवस तो मुलगा त्यांच्यासमोर पटावर बसला नाही. पराभवाचे दुःख त्यास फारसे नव्हते. आपले सारे विजय खोटे होते, हे दुःख होते. आजोबांचे प्रेम निःसंशय होते, पण त्या प्रेमाने मुलाची एक वस्तू त्याच्या नकळत काढून घेतली होती: स्वतःच्या बळाचा खरा अदमास.

याच्या उलट टोकही आपण पाहतो. काही मंडळी पहिल्याच डावापासून नवख्यास चिरडतात, वर त्याच्या चालीची थट्टा करतात, आणि "असेच शिकतात" असे म्हणतात. असे कित्येक जण शिकत नाहीत. ते उठून जातात आणि पुन्हा येत नाहीत. घरातील स्त्रिया चहा करावयास उठतात त्या पटाकडे परतत नाहीत, याचे कारण कित्येकदा आवड नसणे हे नसून पहिल्या दिवशीचे हसे हे असते.

मग सत्य आणि दया यांचा मेळ कसा घालावा? जुन्या खेळाडूंनी याचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेविले आहे. बलवान खेळाडू आपला वजीर किंवा हत्ती डावापूर्वीच पटावरून काढून ठेवी आणि मग पूर्ण बुद्धीने खेळे. सवलत उघड, डाव खरा. मुद्दाम हरण्यात आणि वजीर काढून खेळण्यात बाहेरून भेद थोडा दिसतो, कारण दोहोंत दुर्बलास मदतच होते. परंतु पहिल्यात मदत लपलेली असते, दुसऱ्यात ती दोघांच्या संमतीने पटावर मांडलेली असते. ज्या मुलाने वजिराविना खेळणाऱ्या आजोबांस हरविले, त्याचा विजय लहान असेल, पण तो त्याचा स्वतःचा आहे. उद्या तो म्हणेल, "आजोबा, आता वजीर ठेवा." हे वाक्य ऐकणे हीच शिकविणाऱ्याची गुरुदक्षिणा. तद्वतच, चाल परत घेण्याची मुभा, किंवा डाव अर्ध्यावर आल्यावर बाजू बदलून घेणे, हे उपायही आधी ठरवून केले तर निर्दोष आहेत.

कोणी विचारील की, चार वर्षांच्या बालकाशी किंवा अंथरुणास खिळलेल्या आजीशीही हाच हिशेब करावा काय? आम्हांस वाटते, करू नये. चार वर्षांचे बालक कवड्या वाजविण्यात रमलेले असते. त्याने अजून जयापजयाचा करार केलेलाच नाही, तेव्हा तेथे फसवणूकही होत नाही. आजारी माणसास डाव म्हणजे सोबतीचे निमित्त असते, आणि सोबत पुरविण्यास हरण्याची गरजही नसते. मात्र ज्या दिवशी समोरचा विचारील की "तुम्ही खरेच खेळलात ना?", त्या दिवसापासून तो खेळाडू झाला; त्यास खरेच उत्तर दिले पाहिजे.

अलीकडे ल्यूडो मोबाईलवर आला आहे. हा खेळ आपल्याच पचिसीचे रूप. 1896 मध्ये इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले गेले. मोबाईलवर दान यंत्र मोजते आणि चुकीची चाल यंत्रच होऊ देत नाही. सोय मोठी आहे, परंतु स्वतः प्रामाणिकपणे कवड्या मोजण्याचा अभ्यास तेथे घडत नाही. शिवाय पैसे लावून खेळविणाऱ्यांनी कित्येक घरांत शकुनीचे काम केले. अशा ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेस 2025 मध्ये करावा लागला. कायदा आपल्या जागी योग्यच आहे. तथापि ओसरीवर खरा खेळ शिकलेले मूल फसव्या खेळास लवकर ओळखील, हा बृहदश्वांचा मार्गही सोडता कामा नये.

घरात खेळ रुजला म्हणजे काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. 1974 मध्ये स्त्रियांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. जयश्री व रोहिणी या त्यांच्या बहिणींसह हे विजेतेपद पुढे अनेक वर्षे एकाच घरात नांदले. आणि आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै 2025 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बातुमी येथे विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. प्रत्येक मूल असे होणार नाही, व्हावे असेही नाही. पण तिलाही कोणीतरी प्रथम सांगितले असेल की, घोडा अडीच घरे चालतो.

येत्या दिवाळीत बलिप्रतिपदेस पट मांडण्याची चाल ज्या घरांत असेल, त्यांनी यंदा एवढे करावे: ज्यास खेळ येत नाही त्यास आधी बसवावे, नियम सगळे सांगावेत, सवलत द्यावयाची ती उघड द्यावी, आणि मग मनापासून खेळावे. वेरुळच्या लेण्यांत शिवपार्वतीही सारीपाट खेळत बसलेली आहेत. जगन्माता तेथे प्रेक्षक म्हणून उभी नाही. ती पटाच्या दुसऱ्या बाजूस बरोबरीने बसली आहे. आपल्या घरातही प्रत्येकास ती जागा मिळावी.