बरं वाटलं, पण कशाने?

पन्नाशीत गुडघा दुखू लागतो, एमआरआयमध्ये ‘गादी फाटली’ असं येतं, दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते आणि दोन-तीन महिन्यांत माणूस जिना चढू लागतो. ‘ऑपरेशनने गुण आला’ असं तो मनापासून सांगतो, आणि दुखणं खरोखरच कमी झालेलं असतं. पण ते ऑपरेशनमुळेच कमी झालं, हे कशावरून?

आपण डॉक्टरकडे जातो ते दुखणं असह्य झाल्यावर. झिजेचं दुखणं चढतं-उतरतं असतं. ते ऐन भरात असताना काहीही केलं, तरी पुढच्या काही आठवड्यांत ते उतरण्याचीच शक्यता जास्त. त्यात सक्तीची विश्रांती, फिजिओथेरपी आणि ‘आता गुडघा दुरुस्त झाला’ हा विश्वास. या सगळ्यांचं श्रेय दुर्बिणीच्या खात्यावर जमा होतं.

हे श्रेय वेगळं काढायचं तर शस्त्रक्रिया झाली की नाही, हे खुद्द रुग्णालाच कळता कामा नये. अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली या शल्यविशारदाने हे अवघड काम केलं. ते तिथल्या रॉकेट्स या बास्केटबॉल संघाचेही डॉक्टर होते. कोणत्या रुग्णाला काय करायचं, हे बंद पाकिटात असे. काहींच्या गुडघ्यातला खडबडीत भाग साफ केला, काहींचा सांधा नुसता धुतला आणि काहींच्या कातडीवर फक्त छेद दिले. या शेवटच्या गटातही डॉक्टर हत्यारं मागत, पाय हलवत, पाण्याचा आवाज करत. भाग घ्यायला 144 जणांनी नकार दिला, 180 जण तयार झाले. ‘मला कदाचित खोटीच शस्त्रक्रिया मिळेल’ हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. डॉक्टरच्या कौशल्याइतकाच या माणसांच्या धैर्याचा मला आदर वाटतो. दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 2002मध्ये निष्कर्ष छापून आला: खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन्ही गट खोट्या शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा सरस ठरले नाहीत.

ते गुडघे झिजलेले होते, नुसत्या फाटलेल्या गादीचं काय, ही शंका रास्तच होती. फिनलंडमध्ये 35 ते 65 वयाच्या, सांध्याची झीज नसलेल्या 146 रुग्णांवर तशीच चाचणी झाली. 2013मधला तिचा निकाल मला अधिक बोलका वाटतो, कारण वर्षभरात दोन्ही गट चांगलेच सुधारले होते. खोटी शस्त्रक्रिया झालेलेही ‘गुण आला’ म्हणत होते. नॉर्वेत 140 जणांवर शस्त्रक्रिया आणि 12 आठवड्यांचा व्यायाम यांची तुलना झाली. दोन वर्षांनी दोन्ही गटांचा त्रास सारखाच कमी झालेला होता. मात्र तीन महिन्यांनंतर पाहिलं तेव्हा मांडीचे स्नायू व्यायामवाल्यांचे अधिक बळकट होते.

खेळताना पाय पिरगळून गुडघा अडकला, सरळच होईना, तर ती गोष्ट वेगळी. तिथे शल्यविशारदाकडे लगेच जायलाच हवं. पण वयोमानाने फाटलेल्या गादीसाठी कुणी दुर्बीण सुचवली, तर ‘हे केलं नाही तर काय होईल?’ असं नक्की विचारा, आणि आधी तीन महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीचे व्यायाम नेटाने करा.