शिकविण्याचा मोबदला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शब्बाथ शाळा सुटल्यावर आमच्या मंडळीतील एक मुलगी आमच्याजवळ येऊन उभी राहिली. ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी साडेचार ते सहा, ती उपासनामंदिरामागच्या खोलीत आसपासच्या सहा मुलांना वाचायला शिकविते. मुले दुसरी-तिसरीतली, मंडळीच्या घरांतली दोन, बाकीची शेजारपाजारची. या कामाचे तिला महिना पंधराशे रुपये मिळतात. ते एका सद्‌गृहस्थांनी देऊ केले आहेत, आणि आपले नाव कोठेही येऊ नये अशी त्यांची अट आहे. आदल्या शुक्रवारी एका मुलाने धडा मध्येच थांबवून तिला विचारले होते, “ताई, माझ्याजवळ बसायचे तुला पैसे मिळतात का?” तिला उत्तर देता आले नाही.

“काका, चोरी करताना सापडल्यासारखे वाटले मला,” ती म्हणाली.

आम्ही त्या वेळी काहीतरी थातुरमातुर सांगून तिला घरी पाठविले. पण प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. डॉक्टर फी घेतो, शिंपी शिलाई घेतो, शाळेतले मास्तर पगार घेतात. त्यांपैकी कोणालाही चोरी केल्यासारखे वाटत नाही. मग या मुलीलाच का वाटावे? एका लहान मुलाशेजारी बसून त्याचे बोट धरून ओळीवरून फिरविणे, तो अडला की थांबणे, तो चुकला तरी न हसणे, हे काम आईच्या कामाच्या फार जवळचे आहे, म्हणूनच तिला तसे वाटले असावे. आईच्या कामाचे पैसे कसे घ्यायचे?

पुढच्या महिन्यात शिक्षकांच्या सभेत हा विषय निघालाच. आमच्या शब्बाथ शाळेत तीस वर्षे शिकविलेले एक वृद्ध गुरुजी आहेत. ते उठून म्हणाले, “आम्ही कधी एक पै घेतली नाही. आजच्या मुलांना बाराखडी शिकवायलाही पैसे लागतात!” कोणी काही बोलले नाही. गुरुजींचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु गुरुजींना सरकारी शाळेचा पगार होता, आता निवृत्तिवेतन आहे, आणि रविवार त्यांना मोकळा होता. ती मुलगी मात्र त्या पंधराशेतून कॉलेजचा बसपास आणि परीक्षेची फी भागविते. ते मिळाले नाहीत तर तिला संध्याकाळी कापडाच्या दुकानात उभे राहावे लागेल. विनामोबदला सेवा करण्याची ऐपत ज्याच्या घरची चूल पेटलेली आहे त्यालाच असते, हे आपण सेवेची थोरवी गाताना विसरतो.

आणखी एक गोष्ट आपण विसरलो आहोत. ती शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना तरी ठाऊक असावी. इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्राच्या मालकाने 1780 साली रविवारची शाळा काढली. टाचण्यांच्या कारखान्यांत आठवडाभर राबणारी आणि रविवारी रस्त्यावर उनाडणारी मुले पाहून त्याला ही कल्पना सुचली. त्याने काय केले? वस्तीत वाचायला शिकविणाऱ्या काही बायका होत्या. त्यांच्याशी त्याने ठराव केला की मी पाठवीन त्या मुलांना रविवारी वाचन व धर्मप्रश्नोत्तरे शिकवावीत. त्या दिवसाचा प्रत्येकीला एक शिलिंग मिळेल. म्हणजे ज्या शाळेत विनावेतन शिकविल्याचा आपण अभिमान धरतो, तिच्या आरंभीच्या शिक्षिका रोजंदारीवर होत्या, आणि ती शाळा आरंभी वाचनाचीही शाळा होती! विनावेतन शिक्षकांची प्रथा नंतर आली, चळवळ वाढली तशी. ती चांगलीच होती. पण तिच्या आधी शिलिंग होते.

कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पैसे देऊन मुलांना वाचन शिकविण्याचा प्रयोग एका देशाने फार मोठ्या प्रमाणावर केला आहे. अमेरिकेत 1964 पासून अशी व्यवस्था आहे की गरजू विद्यार्थ्याने शिकताना काही तास काम करावे, आणि त्याच्या वेतनाचा मोठा वाटा केंद्र सरकारने उचलावा. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना कमवून शिकण्याचा जो मार्ग दाखविला, त्याच्या जवळपासचीच ही कल्पना. 1994 च्या तेथील राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या शंभरांतील सुमारे चाळीस मुले वाचनाची अगदी प्राथमिक पातळीही गाठू शकली नव्हती. तेव्हा 1996 साली अध्यक्ष क्लिंटन यांनी घोषणा केली की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला स्वतःहून नीट वाचता आले पाहिजे. त्यासाठी स्वयंसेवकांना आवाहन झाले. पण त्याबरोबरच जुलै 1997 पासून असा नियम करण्यात आला की कॉलेजचा विद्यार्थी लहान मुलांना वाचन शिकवीत असेल तर त्याचे सर्वच्या सर्व वेतन सरकार देईल. तोवर कॉलेजच्या वाचनालयात पुस्तके लावणारे किंवा भोजनगृहात ताटे उचलणारे हात शाळेत जाऊन मुलांशेजारी बसू लागले. स्वयंसेवेचा पुकारा करणाऱ्या सरकारलाच वेतनाची तजवीज करावी लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या व्यवस्थेची उणीवही उघड आहे. विद्यार्थ्याला ठरलेली रक्कम संपली की काम थांबते. परीक्षा आली, सत्र संपले की तो जातो. मुलाला त्याची सवय होते न होते तोच खुर्ची रिकामी.

आपल्या देशातील उदाहरण आपल्या वडोदऱ्याच्या वाचकांच्या गावचे आहे. मुंबई व वडोदरा येथील महानगरपालिकांच्या शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच तरुण मुली, बहुतेक माध्यमिक शाळा झालेल्या. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण. महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले घेऊन त्या रोज सुमारे दोन तास बसत. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी 2001 ते 2003 या काळात या शाळांची काटेकोर तपासणी केली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्यांची अधिक. बालसखी गेल्यावर वर्षभराने मात्र त्यातला बराच लाभ ओसरलेला आढळला. पुढे उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावोगावच्या तरुणांनी एक पैसाही न घेता वाचनवर्ग चालविले. तेथे जी मुले आली ती खरोखर वाचू लागली. परंतु आली फारच थोडी.

तेव्हा पैसे घेणारी मुलगीही शिकवू शकते आणि न घेणारा मुलगाही. काम होते का, एवढेच विचाराल तर आकडे उत्तर देतील. पैसे घेतल्याने माया उणी होते का, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्या मुलीला तोच बोचला होता.

येथे आम्हांला पौलाची आठवण झाली. सुवार्ता सांगणाऱ्याला पोटापुरते मिळण्याचा हक्क आहे, हे करिंथकरांना त्याने सैनिक, द्राक्षमळेवाला, मेंढपाळ, मळणीचा बैल असे एकामागून एक दाखले देऊन पटविले. आणि लगेच सांगितले की हा हक्क मी तुमच्याजवळ बजावला नाही. तो तंबू शिवी. आपण उपदेशक मंडळी या जागेवर नेहमी थांबतो आणि पौलाचा निःस्वार्थीपणा वाखाणतो. पण दुसऱ्या पत्रात तो स्वतःच कबूल करतो की करिंथात असताना त्याची गरज मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी भागविली; तुमची सेवा करता यावी म्हणून मी दुसऱ्या मंडळ्यांकडून वेतन घेतले, असे म्हणायलाही तो कचरत नाही. करिंथकरांना जे फुकट मिळाले, त्याचे मोल दुसरे कोणीतरी देत होते. आमच्या मते, फुकट वाटणाऱ्या प्रत्येक सेवेमागे एखादी मासेदोनिया असतेच: कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाच्या बायकोचा पगार, कोणाच्या आईने रात्री केलेले काम. गुरुजींच्या तीस वर्षांमागे गुरुजींच्या घरची माणसे होती. त्यांचे आभार आम्ही कधी सभेत मानल्याचे आठवत नाही.

“पण मग मोलकऱ्याचे काय?” असे एका भगिनीने सभेत विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता. योहानाच्या शुभवर्तमानात मोलकरी मेंढरे टाकून पळतो. आम्ही तो उतारा त्या रात्री पुन्हा वाचला. तेथे मजुरी घेतली म्हणून त्याला दोष दिलेला नाही. लांडगा आला तेव्हा त्याला मेंढरांची पर्वा नव्हती, हा त्याचा दोष. तरीही त्या भगिनीची शंका आम्ही पुरती झटकून टाकू शकत नाही. पैशाला एक खोड असते. तासाचे पैसे मिळू लागले की सहा वाजता घड्याळाकडे नजर जाते, आणि हजेरीची वही भरली की काम झाले असे वाटू लागते. एक मूल ‘घ’ आणि ‘ध’ यांत अजून अडखळते आहे, आणि दुसरे पहिला शब्द दिसताच सबंध धडा तोंडपाठ म्हणते, बोट भलत्याच ओळीवर. हे हजेरीच्या वहीत दिसत नाही. ते पाहायला मनच लागते. ते मन पैशाने विकत मिळत नाही. पण पैसे न दिल्याने ते उत्पन्न होते, असेही आमच्या पाहण्यात नाही. फुकट शिकविणारे कितीतरी शिक्षक आम्ही रविवारी धडा न वाचता येताना पाहिले आहेत, आणि त्यांना कोणी जाब विचारीत नाही, कारण ते फुकट येतात! वेतनाचा एक गुण असा की ते मुलाच्या हाती एक हक्क देते. साडेचारला ताई यायलाच हवी, अशी अपेक्षा त्याला धरता येते.

दोन आठवड्यांनी ती मुलगी पुन्हा भेटली. त्या मुलाला तिने खरे सांगितले होते.

“मी म्हटले, हो, मिळतात. नाहीतर मला दुकानात जावे लागले असते.”

“मग तो काय म्हणाला?”

“किती म्हणून विचारले. मी सांगितले. मग तो बराच वेळ गप्प बसला, आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, माझ्या वाचनाला पैसे पडतात, तू मध्ये बोलू नको.”

आम्ही हसलो, पण आमचा गर्व जरा उतरला. आम्हांला वाटले होते, त्या मुलाचे मन दुखावले असेल. त्याला उलट आपण कोणीतरी आहोत असे वाटले होते. आजवर त्याच्यासाठी कोणी काही खर्चले आहे, हे त्याने बहुधा प्रथमच ऐकले. लाज होती ती आम्हां मोठ्यांची.

एप्रिलअखेर ते सद्‌गृहस्थ आजारी पडले आणि मेचे पैसे आले नाहीत. मुलीने सरळ सांगितले की सुटीत मला दुकानात काम मिळते आहे, मी येऊ शकणार नाही. तिला थांबवावे असे कोणाला वाटले असेल तर तो बोलला नाही. मग मे महिनाभर संध्याकाळी आम्ही व गुरुजी आळीपाळीने मुलांजवळ बसलो. काम दिसते त्याहून फार अवघड आहे. मूल जोडाक्षरावर अडले की आमच्या तोंडून शब्द निसटून जाई. गुरुजींचे तर विचारूच नका. ते सबंध वाक्यच वाचून टाकीत. तिसऱ्या दिवशी त्या मुलाने पुस्तक मिटले आणि आम्हांला म्हणाला, “ताई थांबते. तुम्ही थांबत नाही.”

जूनच्या पहिल्या रविवारी गुरुजींनी उपासनेनंतर स्वतः थाळी फिरविली. तीन महिन्यांचे पैसे जमले. मुलगी सोमवारी साडेचारला आली, आणि आम्हां दोघांना मुलांनी रजा दिली.